ठेवते

मी "जागा ठेवते" म्हटलंच नव्हतं. हे आधी सांगून टाकते, कारण त्या आठवड्यात हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलं की आमच्या ऑफिसच्या पायरीवरचं कुत्रंसुद्धा मी तोंड उघडलं की उठून जायला लागलं.

मी सोनिया. माहेर हिर्डोशी, सासर भोर. डोंगरातल्या वाड्यांनी मिळून पेशंटसाठी एक जीप चालवायला घेतलीय, तिचा फोन मी सांभाळते. मंगळवारी आणि शुक्रवारी जीप सकाळी वर हिर्डोशीकडं जाते, ज्यांचं डायलिसिस असतं त्यांना उचलते, हायवेच्या दवाखान्यात नेते आणि संध्याकाळी घरी सोडते. त्या बाजूला एसटी आली तर आली, नाहीतर आपले पाय आहेतच. म्हणून या जीपला फार भाव. नियम एकच, आदल्या दिवशी फोन करून नाव सांगायचं. फोन नाही तर जागा नाही. नियम मी केलाय आणि माझ्या सख्ख्या सासऱ्यालाही तो मोडू दिलेला नाही.

तर एका मंगळवारी दुपारी इंद्रजित ऑफिसात शिरला. हा हिर्डोशीच्या वरच्या वाडीतल्या अंबूमावशीचा मुलगा, शिरवळला कंपनीत असतो. मावशी डायलिसिसवाली, आमच्या जीपची नेहमीची. एरवी गरीब माणूस. त्या दिवशी चपलासुद्धा बाहेर काढल्या नाहीत त्यानं.

"ताई, जागा द्यायची न्हवती तर तसं सांगायचं. माज्या आईला ठेवते म्हनून सांगितलं आन् फाट्यावर हुबं केलं तुमी."

"मी? कधी?"

"गेल्या मंगळवारी. उजाडायच्या आधीपासून ऊन डोक्यावर येस्तोवर हुबी व्हती ती. जीप आलीच न्हाई. रातीपासून धाप लागली, पाय सुजले. दुसऱ्या दिवशी भाजीच्या टेम्पोत घालून दवाखान्यात नेली म्या, शुक्रवारपतुर तितंच व्हती. वाचली हे नशीब."

मला टेम्पोचं कळलं होतं, पण त्याचं कारण मी आहे हे आत्ता कळत होतं. खोटं कशाला बोलू, वाईट वाटायच्या आधी मला राग आला. कारण मला तो फोन नीट आठवत होता. त्या आदल्या सोमवारी दुपारी मावशीचा फोन आला, आवाज चाळणीतून यावा तसा तुटत होता. "सोनी... बरी हाय..." एवढंच कळलं. मग खरखर. मी म्हटलं बरं मावशी, आणि बंद केला. परत लावला तर मावशी रेंजच्या बाहेर. त्यांच्या वाडीत एका जांभळीखाली तेवढी रेंज मिळते. म्हातारी तिथं उभी राहून बोलते आणि बोलून झालं की घरात जाते. मला वाटलं, ख्यालीखुशालीचा फोन असेल, इंद्रजितच गाडी करून नेणार असेल.

"मी जागा ठेवते असं म्हटलेलं नाही," मी टेबलावर हात आपटून म्हटलं. "त्यांनी जागा मागितलीच नाही."

"म्हंजी आई खोटं बोलती?"

"मी तसं म्हटलं का?"

"मंग तुमी खोटं बोलताय. दोघींतली कोन तरी एक."

मतीनभाई, आमचे ड्रायव्हर, पेशंटना दवाखान्यात सोडून आले होते आणि दारात उभे होते. ते हळूच म्हणाले, "इंद्रजित, त्या दिवशी वरच्या फाट्याचं नावच नव्हतं मला. म्हणून मी खालच्या गावातनंच वळलो. मावशी उभी आहे हे कळलं असतं तर मी रिव्हर्समध्ये गेलो असतो वर."

इंद्रजितचा आवाज एकदम खाली आला. तो खुर्चीवर बसला. "भांडायला न्हाई आलो, ताई. आज मंगळवार. ती आज पन गेली न्हाई. म्या गाडी लावून नेतो म्हनलं, तरी उठंना. म्हनती, माजी जागा तरन्याला दिली असंल, बराबरच हाय. म्हातारीनं किती दिस जागा आडवायची. माजी जागा संपली, असं म्हनती. डाक्टर म्हनलाय, शुक्रवार चुकला तर परत टेम्पोत घालायला बी येळ मिळायची न्हाई."

एवढं ऐकल्यावर माझ्या रागाचं पाणी झालं. मंगळवार गेला होता आणि शुक्रवार समोर होता. जिनं मला लहानपणी करवंदांच्या जाळीतून ओढून काढलं, ती बाई आता वाडीत पडवीत बसून मरायची वाट बघत होती, आणि का, तर सोनीनं आपली जागा दुसऱ्याला दिली म्हणून. माझ्या शब्दावर तिचा विश्वास नव्हता. मी नुसती जाऊन "मावशी, मी तसं म्हटलं नाही" म्हणाले असते तर तिनं मला चहा पाजून परत पाठवलं असतं. चहा मात्र चांगला पाजला असता.

"शुक्रवारी तुमची आई जीपमध्ये बसलेली असेल," मी म्हटलं.

"कशावरनं?"

"मी सांगते म्हणून."

तो माझ्याकडं असा बघत राहिला की मलाच माझी लाज वाटली. पण बोलून बसले होते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, दुसरं काय.

---

आमचा फोन साधा नाही. तो इंटरनेटवरून चालतो. टेबलाखाली वहीएवढा एक काळा डबा आहे, त्याला फोनची वायर आणि इंटरनेटची वायर. पुण्याच्या स्वरूप नावाच्या पोरानं तो बसवला तेव्हा जाता जाता म्हणाला होता, "मॅडम, यात रेकॉर्डिंगपण होतं, लागलं तर सांगा." तेव्हा मी म्हटलं होतं, आम्हाला कशाला लागतंय. आता मी त्याला फोन लावला.

"गेल्या सोमवारचं बोलणं काढून दे."

"मॅडम, रेकॉर्डिंग चालूच नव्हतं. जे रेकॉर्ड झालं नाही ते कुठून काढू?"

"मग आजपासून चालू करायचं. कसं करायचं ते सांग."

"मी सोमवारी येतो."

"सोमवारी तुझं तूच ये आणि चहा पी. मला आज पाहिजे."

गेलेला फोन मिळणार नव्हता, हे मला कळत होतं. पण आपल्याकडं बोलणं कसं होतं, कुठं तुटतं, कुठं फसतं, हे एकदा कानानं ऐकल्याशिवाय मावशीला काय सांगायचं तेच मला समजणार नव्हतं. आणि परत कुणाच्या आईला उन्हात उभं राहावं लागणार नव्हतं. मी हट्टाला पेटले की पेटले, घरातलेही मग वाटेत येत नाहीत.

वाटेत आले ते चिमाजीअण्णा. आमच्या कमिटीचे अध्यक्ष. पांढरं धोतर, तेवढाच पांढरा स्वभाव, पण प्रत्येक गोष्टीला आधी नाही म्हणायचं हे त्यांचं व्रत.

"न्हाई, न्हाई. लोकांचं बोलनं चोरून भरून ठिवायचं? ह्ये काय बरं न्हाई सोनिया. लोकं फोनवर काय काय बोलत्यात. सुनंच्या कागाळ्या सांगत्यात."

"चोरून नाही अण्णा. आधी सांगायचं, तुमचं बोलणं भरून घेतोय म्हणून. ज्याला कागाळ्या सांगायच्या त्यानं घरी जाऊन सांगाव्यात."

"आन् कुनी न्हाई म्हनलं तर?"

"तर त्यानं ऑफिसात यावं. मी समोर बसून ऐकीन. अण्णा, अंबूमावशी शुक्रवारी आली नाही तर तुम्ही मला काय सांगाल तेही सांगून ठेवा."

अण्णांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "आधी सांगायचं म्हंजी सांगायचं," म्हणाले आणि गेले. हा त्यांचा होकार.

स्वरूपनं फोनवरून सांगितलं तसं मी कॉम्प्युटरवर डब्याचं पान उघडलं. पासवर्ड डब्याच्या बुडाला चिकटवलेला होता, त्यासाठी टेबलाखाली उताणी झोपले. पान सगळं इंग्रजीत. कॉल रेकॉर्डिंगच्या पुढं "बंद" होतं, ते "सगळे कॉल" केलं. आवाज साठवायला मागं पेनड्राइव्ह लावायचा. मतीनभाईंनी जीपमधला दिला, तर डबा तो घेईना. नुसता लाल दिवा.

"त्यात काय आहे हो?"

"कव्वाल्या आहेत थोड्या. आणि फौजियाच्या लग्नाचा व्हिडिओ."

"डबा म्हणतोय सगळं पुसा."

मतीनभाईंनी छातीवर हात ठेवला. फौजिया त्यांची धाकटी बहीण. मग त्यांनी धावत जाऊन तो व्हिडिओ शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतला, कव्वाल्यांवर पाणी सोडलं, आणि डब्यानं पेनड्राइव्ह स्वीकारला. हिरवा दिवा लागल्यावर आम्ही दोघंही उगाचच हसलो. बोलण्याआधी सूचना वाजवायची, तिथंही खूण केली. डब्यात एका बाईची तयार सूचना होती, "आपला हा कॉल गुणवत्तेच्या कारणास्तव ध्वनिमुद्रित केला जात आहे." आवाज असा गुळगुळीत की माशी बसली तर घसरेल. मी म्हटलं, चालेल सध्या.

बुधवारी सकाळपासून फोन वाजायचा आणि मी उचलेपर्यंत बंद व्हायचा. परत वाजायचा, परत बंद. मला वाटलं डबा बिघडला. दुपारी गेनबा स्वतः आले. आमच्या हिर्डोशीचे, डायलिसिसवाले, काठी टेकत. बाजाराला आले होते.

"काय गं सोनी, फोनचं बिल भरलं न्हाईस व्हय?"

"भरलंय की. का?"

"म्या लावला तर कंपनीची बाई बोलाय लागली. दोनदा लावला, दोनदा बाई. म्हनलं तुजा फोन तोडला. शुक्रवारची जागा सांगायची व्हती, म्हनून हितवर आलो."

मी कपाळाला हात लावला. अहो, आमच्याकडं फोनमध्ये बाई शुद्ध बोलायला लागली की त्याचा अर्थ एकच. नंबर चुकला, बॅलन्स संपला, नाहीतर माणूस रेंजबाहेर आहे. ऐकायचं काय त्यात? लोक पहिल्या दोन शब्दांतच फोन बंद करत होते. आणि मला धडकी भरली ती वेगळ्याच गोष्टीची. सकाळपासून बंद झालेल्या फोनांत अंबूमावशीचा असेल तर? तिनं मन बदलून फोन केला असेल, आणि पुन्हा तिला कुणीतरी परकी बाई भेटली असेल तर?

मी नंबर तपासले. तिचा नव्हता. बरं वाटलं, आणि वाईटही वाटलं.

---

तरी दिवसभरात काही जणांनी धीर धरून फोन चालू ठेवले होते. संध्याकाळी दिवाबत्ती करून मी आणि मतीनभाई ते ऐकायला बसलो. पहिला लावला, तर त्यात फक्त मी. समोरचा माणूस नाहीच.

"हॅलो... कोण?... मी म्हणजे कोण?... अहो मी म्हणजे कोण मी?... हां हां, बोला... बरं... बरं... ठेवते."

मतीनभाई पोट धरून हसले. मी चिडले. डब्यानं एकाच बाजूचा आवाज भरला होता. त्या पानावर "दोन्ही बाजू" म्हणून आणखी एक खूण होती, ती माझ्या नजरेतून सुटली होती. खूण केली, आता उद्यापासून दोन्ही येणार होतं. पण म्हटलं आहे ते ऐकू. दुसरा लावला.

"हॅलो... हां... उद्या नाही, परवा... बरं... ठेवते."

तिसरा.

"... कुठली वाडी?... लिहिलं... बरं काका... ठेवते."

चौथ्याला मतीनभाई हसायचे थांबले. माझीही चीड उतरली. समोरच्याचा आवाज गाळलेला असला की आपला आवाज कसा उघडा पडतो ते ऐकल्याशिवाय समजायचं नाही. सगळं बोलणं विरघळून जात होतं आणि शेवटी एकच शब्द खड्यासारखा उरत होता. ठेवते. ठेवते. ठेवते.

"मतीनभाई," मी म्हटलं, "जागा पाहिजे असली की लोक मला काय म्हणतात?"

"जागा ठेवा म्हणतात."

"आणि मी?"

"तुम्ही म्हणता, लिहिली."

"आणि फोन बंद करताना?"

मतीनभाईंनी चौथा फोन शेवटाकडं नेऊन परत लावला. ठेवते.

अंबूमावशी जांभळीखाली उभी होती. तिनं सांगितलं, सोनी, मी बरी हाय, उद्या माजी जागा ठिव गं. त्यातलं निम्मं वाऱ्यावर गेलं. माझ्याकडं आलं ते "बरी हाय" आणि खरखर. आणि मी म्हटलं, "बरं मावशी, ठेवते." माझ्या मते मी फोन ठेवत होते. तिच्या मते मी जागा ठेवत होते. तिनं पदर सावरला असेल आणि निश्चिंत मनानं घरात गेली असेल. दोघींतली एकही खोटं बोलली नव्हती.

मला इतकं रडू आलं की मतीनभाई घाबरून पाणी आणायला गेले.

---

गुरुवारी दुपारी आम्ही जीप काढून वर गेलो. ऑफिसचा फोन तेवढ्यापुरता अण्णांच्या ताब्यात दिला आणि त्यांना बजावलं, काहीही झालं तरी तोंडातून ठेवतो काढायचं नाही. ते म्हणाले, मग बंद कसा करू? मी म्हटलं, मुकाट्यानं.

अंबूमावशी पडवीत पाय पसरून बसली होती. पाय सुजून खांबासारखे झाले होते, चेहराही फुगला होता. मला बघून तिनं तोंड भिंतीकडं केलं.

"आलीस? चा घे आन् जा."

"चहा घेईन. पण जाणार नाही."

"मग ऱ्हा. मला काय. माजं आता काय हाय?"

मी जवळ बसले. मोबाईलवर ते आवाज भरून आणले होते, ते लावले. "हॅलो... कोण?... मी म्हणजे कोण मी?..." मावशीचे कान टवकारले.

"ह्यो कुनाचा आवाज?"

"माझा."

"समोर कोन हाय?"

"समोरच्याचं यात आलेलं नाही."

"मग भुताशी बोलल्यावानी काय बोलतीस?" म्हातारीला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. मी एकामागून एक लावत गेले. चार झाले, पाच झाले. सहाव्याला तिनं माझा हात धरला.

"थांब. तू परतेक येळंला ठेवते म्हनतीस."

"फोन ठेवते, मावशी. फोन. त्या दिवशी तुमचा आवाज तुटला. जागेचं मला ऐकूच आलं नाही. मी म्हटलं, ठेवते."

तिनं मोबाईल हातात घेऊन उलटासुलटा करून बघितला. मग म्हणाली, "मंजी माजी जागा तू दुसऱ्याला दिली न्हाईस."

"नाही."

"मग त्या दिवशी तितं कोन बसलं?"

मतीनभाई उंबऱ्याशी उभे होते. "कुणी नाही मावशी. खिडकीजवळची तुमची जागा मोकळीच गेली. मी तिथं औषधांची पिशवी ठेवली होती."

"मोकळी?" मावशी एकदम उसळली. "आरं मुडद्यांनो, जागा मोकळी गेली आन् म्या फाट्यावर उनात हुबी? आन् म्या हितं बसून रडतीया, आपली जागा गेली, आपलं दिस भरलं म्हनून!" तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. लागला बरं का, चांगलाच लागला. मग पदर तोंडाला लावून ती रडली. मीही रडले. मतीनभाई आकाशाकडं बघत उभे राहिले.

मी डोळे पुसून म्हटलं, "मग उद्या येताय ना?"

"आन् परत तसंच झालं तर? तू म्हननार ठेवते आन् म्या खुळी फाट्यावर."

"मी आता ठेवते म्हणणारच नाही."

"मग फोन बंद करताना काय म्हनशील?"

"येते म्हणेन."

"वा गं शानी! येते म्हनलीस तर मानसं चा टाकतील."

खरंच होतं. मतीनभाई म्हणाले, खुदा हाफिज म्हणा. मावशी म्हणाली, ते तुजं तू म्हन, माज्या तोंडात वळायचं न्हाई. मग तिनं विचार केला, अगदी कपाळाला आठ्या पाडून. या बाईनं आयुष्यात भोरच्या स्टँडवर किती गाड्या पकडल्या असतील, त्याचा हिशोब देवाकडंच.

"हे बघ सोनी. यष्टीत आपन जागा ठिवतो का? न्हाई. खिडकीतनं रुमाल टाकतो. रुमाल पडला की जागा आपली, मग भांडायला बी कुनी येत न्हाई. तू आसं म्हन, रुमाल टाकला. ते म्हनलीस की जागा पक्की. आन् ते न्हाई म्हनलीस तर म्या समजंन, तुला आयकूच आलं न्हाई."

स्वरूपनं, अण्णांनी, मी, सगळ्यांनी मिळून डोकं चालवलं होतं, आणि कळसा आमच्या काखेतच होता. मतीनभाई म्हणाले, "ताई, त्या कंपनीच्या बाईचं पण बघा आता." मला तेच सुचलं होतं.

"मावशी, फोन लागला की लोकांना आधी सांगायचंय, की बोलणं भरून घेतोय म्हणून. त्या शुद्ध बाईचं कुणी ऐकत नाही. तुम्ही सांगा."

"म्या? फोनात?"

"तुमच्या आवाजाला घाबरून कुणी बंद करणार नाही."

ती लाजली. केस सारखे केले, जणू फोटो काढायचाय. मी मोबाईल तोंडाशी धरला आणि ती एका दमात बोलली, "अंबूबाई बोलतीया. फोन बंद करू नगा. सोनी येतीया. तुमचं बोलनं एका डब्यात भरून ऱ्हातं, तवा शिव्या देऊ नगा. गाव सांगा, नाव सांगा, आन् सोनी रुमाल टाकला म्हनस्तोवर हालू नगा."

परत घ्यावं लागलं नाही.

निघताना मी विचारलं, "मग तुमच्या नावाचा रुमाल टाकू?"

मावशीनं सुजलेल्या पायांकडं बघितलं. "नियम तुजाच हाय न्हवं? फोन न्हाई तर जागा न्हाई. वाटलं तर करीन फोन."

नियम माझाच होता. त्या क्षणी मला तो चुलीत घालावासा वाटला. पण मी ओळखलं, तिला मी ओढून नेलेलं नको होतं. जागा तिनं मागायची होती.

---

खाली आले तर अण्णा फोनसमोर हाताची घडी घालून बसले होते. कुणाचा फोन बंद कसा करायचा ते न कळल्यामुळं एका माणसाशी त्यांनी भाताच्या रोपापासून महादेवाच्या जत्रेपर्यंत सगळं बोलून घेतलं होतं.

मावशीचा आवाज डब्यात घालायला गेले, तर डबा तो घेईना. मोबाईलवर भरलेल्या आवाजाची जात वेगळी, डब्याला पाहिजे ती वेगळी. स्वरूप म्हणाला, सोमवारी करतो. मी म्हटलं, सोमवारचं नाव काढलंस तर पुण्याला येऊन कानाखाली वाजवीन. मग त्यानं मुकाट्यानं मोबाईलवर मागवून घेतला, बदलून परत पाठवला आणि मी तो चढवला. उन्हं कलायला लागली होती.

पहिला फोन आला. आता दोन्ही बाजूंचं भरत होतं. मी उचलला तर गेनबांचा आवाज, "आगं अंबू! तू कवा लागलीस नोकरीला? तब्येत काय म्हनती?" मी म्हटलं, गेनबा, मी सोनी. ते म्हणाले, तू थांब, आधी अंबूला बोलू दे.

लोकांनी फोन बंद करायचं थांबवलं होतं. एकेक नाव येत होतं, एकेक रुमाल पडत होता. खिडकीजवळची जागा तेवढी मी कुणालाच दिली नाही. माझाच नियम मी मोडत होते म्हणा, पण अजून संध्याकाळ सरली नव्हती.

मग तो नंबर दिसला. सूचना वाजून होईपर्यंत मी श्वास धरून बसले. म्हातारी तिकडं स्वतःचाच आवाज ऐकत असणार.

"हॅलो, मावशी."

खरखर. "...सोनी... म्या..." खरखर.

"मावशी, ऐकू येत नाही! जांभळीच्या बुंध्याशी जा!"

"...उद्या... न्हाई..."

उद्या न्हाई? येत न्हाई, का ऐकू येत न्हाई? आधीची सोनी असती तर बरं मावशी म्हणून मोकळी झाली असती. अण्णा समोरून खुणा करत होते, कट झाला का, कट झाला का. मी त्यांना हातानंच गप्प केलं.

"मावशी, मी फोन धरून बसलेय. काही म्हणत नाही. तुम्ही नीट उभ्या राहा, मग बोला. मला घाई नाही."

नुसता वारा ऐकू येत होता. कुठंतरी शेळी ओरडली. सुजल्या पायांनी ती झाडाला वळसा घालत असणार, एक एक पाऊल टाकत. मग एकदम आवाज स्वच्छ झाला, माझ्या कानाशी बसल्यासारखा.

"आगं म्हनलं, उद्या फाट्यावर उनात हुबी ऱ्हानार न्हाई म्या. मतीनला सांग, येळंवर ये. आन् माजी जागा पायजेल मला. खिडकीची."

"रुमाल टाकला, मावशी," मी म्हटलं. आवाज फाटला माझा, पण शब्द पूर्ण गेला.

"टाकलास?"

"टाकला."

"मग ठिव आता."

"काय ठेवू?"

"फोन, बये, फोन! दुसरं काय!"

शुक्रवारी मतीनभाईंनी खिडकीजवळच्या सीटवर खरोखरीचा रुमाल टाकून जीप वर नेली. मावशीनं तो उचलला, झटकला, त्यानंच सीट पुसली आणि बसली. मग रुमाल घडी करून कंबरेला खोवला, तो मतीनभाईंना अजून परत मिळालेला नाही.

डबा भरला की जुनी बोलणी आपोआप पुसून जातात, स्वरूपनं तसं लावून दिलंय. गुरुवारचा तो मावशीचा फोन मात्र मी वेगळा काढून घेतला. तेवढा मी ठेवलाय.